कायम दोन बाण

जगातलं काहीच पुसायचं नाही असं मानणारा माणूस मी एकच पाहिला, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. ती आजारी पडायच्या आदल्या रविवारी आम्ही तिघं सातपाटीला ओट्यावर सुका जवळा निवडत बसलो होतो. बोईसरच्या कारखान्यांत तेव्हा कॉम्प्युटर नवे आले होते, आणि तिथंच कामाला असलेला मेहुणा मला त्याचा कॉम्प्युटर तोंडीच शिकवत होता. मी चौथी नापास, तरी सोडेना. "भावजी, रोज सकाळी तो फळ्यावरची नोटीस आपोआप तयार करतो. आमी फक्त एकेक ओळ आधी भरून ठेवायची. ओळीशेवटी एक बाण दिला, तर आधीचं सगळं पुसून तेवढीच ओळ ठेवतो. दोन दिले, तर खाली जोडतो. आपण कायम दोन!"

कायम दोन, हे खरंच. जुनं कॅलेंडर त्यानं कधी काढलं नाही. नवं त्याच्याखाली लटकवायचा. बायको म्हणायची, "मेल्या, भिंत संपली. आता काय फरशीवर टांगतोस?" गोष्ट सांगताना कुणी मधे बोललं, की पुन्हा पहिल्यापासून. बहिणीच्या हातची कालवणं तर लहानपणापासूनची ओळीनं मोजायचा, आणि आजचं शेवटी जोडूनच हात धुवायचा.

ती गेली. कारखान्यात तोंडानं सांगायला त्याची जीभ उचलेना. म्हणून एक दिवस जाऊन त्यानं कॉम्प्युटरात ओळी भरल्या आणि आमच्याकडे परत आला. बहीण वारली, तिचा बारावा आहे, आणि शेवटची, "रविवारी दुपारी सातपाटीला माझ्या बहिणीकडे सर्वांनी जेवायला यावे." रडत भरल्या असणार, कारण सगळीकडे एकेकच बाण पडला. फळ्यावर शेवटची ओळ तेवढी लागली.

बाराव्याला अख्खी शिफ्ट इस्त्रीच्या शर्टांत हजर, पेढे घेऊन. एकजण साडीची घडी पुढं करत म्हणाला, "दीदी किधर हैं? पहले उनको देनी है." मेहुण्यानं हार घातलेल्या फोटोकडं बोट केलं आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आणि मला हसू फुटलं. तिच्या बाराव्याला, शेजारणींसमोर, आवरेना. लाजेनं मेल्याहून मेलो. पाहुणे माना खाली घालून जेवले. मेहुणा उपाशीच निघून गेला.

शेजारीण म्हणाली, "तुमी त्याला हसलात. आता तो या घरात पाय नाय ठेवायचा."

त्याला नव्हतो हसलो. असल्या वेळी बायकोनं त्याला काय सुनावलं असतं, ते कानात ऐकू आलं होतं. पण हे सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी स्वतः भात-कालवण केलं. खारट झालं. डबा घेऊन बोईसरला गेलो. मेहुणा कारखान्याच्या बसच्या रांगेत होता. वर बघेना.

"भावजी, लाज वाटते."

"मलाबी वाटते. जेव."

उभ्या उभ्याच जेवायला लागला. डोळ्यांतून पाणी, तोंडात घास. रांगेतली माणसं वळून बघायला लागली, तसा मी त्याच्यासमोर आडवा उभा राहिलो, आणि त्याचं जेवून होईस्तोवर हललो नाही.