चौथी वायर

बाळांनो, आपली जुनी गाडी हल्ली चालताना गचके देते, म्हणून काल नाझिम मेकॅनिकला घरी बोलावलं. इंजिन चालू ठेवून तो प्लगची एकेक वायर काढून पाहत होता. पहिली काढली तसं इंजिन अडखळलं; त्याने ती लगेच परत बसवली. दुसरी आणि तिसरी काढली तेव्हाही तसंच झालं. चौथी काढली, आणि आवाजात काहीच फरक पडला नाही.

"हाच प्लग गेलाय, आजी. असून नसल्यासारखा."

आपल्या घरातूनही माणसं अशीच एकेक करून गेली. तुम्ही परदेशी गेलात तेव्हा घर अडखळलं. आजोबा वारले तेव्हा ते बंदच पडेल असं वाटलं. पण तुमच्या तिकडच्या घरात माझी वायर काढली तर आवाज बदलेल का, हे विचारायचा धीर मला होत नाही.

"नवा प्लग टाकू, की गाडी विकताय?" नाझिमने हात पुसत विचारलं. "नातवंडांना विमानतळावरून आणायला लागेल ना?"

मागच्या खेपेला तुम्ही टॅक्सीने आलात आणि हॉटेलात उतरलात, हे मी त्याला सांगितलं नाही.

"टाक," मी म्हटलं. "लागेल."