फवारणीची वेलांटी

आमच्या वलगावच्या घरी फवारणीचे कपडे सगळ्यांच्या कपड्यांत धुवायचे, हा आदेश माझा होता. हे आधीच सांगते. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईचा आदेश मोडण्याची आमच्याकडे प्रथा नाही. त्यातून साचलेले किस्से धुण्यासारखेच आहेत. एक पिळून ठेवावा, तर खालून दुसरा निघतो.

*

सून अश्विनी अकोल्याची. बाळंतपणाहून परतल्यावर तिने माझ्या मुलाच्या, प्रशांतच्या, फवारणीच्या कपड्यांसाठी नवी निळी बादली आणली. मी तिला व्याख्यान दिले.

"ज्या घामाचे आपण खातो, त्याचाच विटाळ?"

"आई, घाम नाही, औषध आहे ते."

"औषध आहे ना? मग अपाय कसा होईल?"

बादलीत मी तुळस लावली.

*

प्रशांत कपाशीवर फवारून आला की म्हणे, "आई, माहे कपडे वेगळे धुतले त काय बिघडून राह्यलं?"

"'माझे'. 'तर'. 'राहिले आहे'."

तिन्ही चुका सुधारल्या आणि सदरा माझ्या पातळांसोबत मशीनमध्ये गेला.

*

मग माझ्या मानेला खाज सुटली. मी वांगे सोडले. वऱ्हाडात वांगे सोडणे म्हणजे संन्यासच! साबणही बदलला. खाज हटेना.

प्रशांत म्हणाला, "वांग्यानं तुले माफ केलं असन, आई. खाय आता."

*

अकोल्याला माजी विद्यार्थ्यांनी माझा सत्कार केला. शुद्धलेखनावर बोलता बोलता मान इतकी खाजली की मानपत्राची सुरळी करून मी ती पाठीमागून पदराखाली घातली.

पहिल्या रांगेतून आवाज आला, "बाई, मानपत्र मानेसाठीच असतं, हे आज कळलं."

*

अश्विनीने मशीनच्या झाकणावर कागद चिकटवला: 'फवारणिचे कपडे वेगळे धुवा.' मी लाल पेनने 'णि'ची 'णी' केली आणि झाकण उघडून प्रशांतचा सदरा, माझी पातळे व तान्ह्या नातीची दुपटी एकत्र टाकली.

नातीच्या मानेवर आणि पोटावर पुरळ उठले. ती रात्रंदिवस रडे. अमरावतीच्या डॉक्टरांनी विचारले, "घरी फवारणी चालू आहे का? कपडे कोण धुतं?"

"मी."

"औषधाचा अंश एका कपड्यातून पाण्यात येतो आणि पाण्यातून दुसऱ्या कपड्यात जातो. फवारणीचे कपडे वेगळे धुवा."

हेच वाक्य मी तपासले होते.

हळूहळू पुरळ गेले, माझी खाजही गेली. तुळस अंगणात गेली, बादली मोरीत आली. फवारणीचे कपडे त्याच दिवशी, हातमोजे घालून, वेगळे धुवायचे आणि वेगळ्या दोरीवर वाळवायचे, असे ठरले. प्रशांतने मान डोलावली. अश्विनीने झाकणावर नवा कागद चिकटवला: 'फवारणिचे कपडे वेगळे धुवा.'

"अगं, पुन्हा ऱ्हस्व?"

"मुद्दामच, आई. चूक दिसली की तुम्ही थांबता तरी."

वेलांटी तशीच ठेवायची, असेही ठरले. प्रशांतने पुन्हा मान डोलावली. मग मीही.