एक पायरी खाली

खुब्याची शस्त्रक्रिया होऊन दोन महिने झाले. घरातले व्यायाम जमू लागले, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला जिना उतरण्याची परवानगी दिली आणि यजमानांना एक नियम समजावला. सोबत करणाऱ्याने चढताना मागे राहावे, उतरताना पुढे. म्हणजे दोन्ही वेळी एक पायरी खालीच.

काल सकाळी मी कठडा धरून वर थांबले. खाली अंगणात व्यायामाच्या मैत्रिणी जमल्या होत्या. पण मी पडले होते ती याच जिन्यावरून, पाय उचलेना. हे खालच्या पायरीवर, माझ्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून उभे होते. बांधा अगदीच किरकोळ.

"अहो, मी पडले तर तुम्ही काय सावरणार मला?"

"सावरणार नाही. पण तू फरशीवर तरी आपटणार नाहीस."

मला हसू आले, आणि त्या हसण्यातच दुखरा पाय खाली टेकला.

वाट दाखवणारा पुढे आणि उंचावर असतो, असे मी शाळेत वर्षानुवर्षे शिकवले. आधार देणाऱ्याची जागा खाली असते, हे या जिन्याने मला शिकवले. हे तिथे कालच येऊन उभे राहिले, असेही नसावे. मीच आजवर खाली पाहिले नव्हते.

अकरावी पायरी संपली, सपाट अंगण आले. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. हे मात्र तसेच हात पसरून, माझ्यापुढे उलट पावली चालत राहिले. जिना संपल्याचे मी त्यांना लगेच सांगितले नाही.