यंदाचं ताट

"इंग्रजी किती छान बोलते गं ती! आडनावावरून वाटत नाही."

आमच्या विभागप्रमुख मॅडमचा आवाज. पार्टिशनच्या पलीकडून. अलीकडे मी वाणाच्या स्टीलच्या वाट्या पुसत होते.

माझ्याबरोबर काम करणारी शीतल हसली. "म्हणून तर माईक तिला दिला. ताटाचं मी बघते."

साताऱ्यातली आमची कंपनी. संक्रांतीचं हळदीकुंकू कॅन्टीनमध्ये होतं. रीत अशी, की सगळ्यात नव्या मुलीनं ताट घेऊन फिरायचं, प्रत्येकीला हळदीकुंकू लावायचं. लग्न झालेलं असो नसो. मागच्या वर्षी शीतलनं लावलं होतं. यंदा नवी मी होते. आईची साडी नेसून आले होते.

मी पुढची वाटी पुसायला घेतली.

वडील फौजेतून निवृत्त होऊन रहिमतपूरला आले आणि मला इंग्रजी शाळेत घातलं. म्हणायचे, "शिकलेल्यांत कुणी जात इचारत न्हाई." खरंच, इथंही कुणी विचारली नाही. आधी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला.

बाकीच्यांचं कुणी ना कुणी कंपनीत होतं. मामा, चुलता, मेव्हणा. त्यांना एका फोनवर रजा मिळायची. मी ताप अंगावर काढायचे. माझ्याकडे इंग्रजी होतं. त्यांच्याकडे माणसं होती. आणि मला कायम करायचं की नाही, ते मॅडम ठरवणार होत्या.

कॅन्टीनच्या सखूमावशी चहा घेऊन आल्या. शीतलच्या हातात ताट बघून थबकल्या. "आवं मॅडम, दर साली नवी पोरगी घेती की ताट! औंदा काय झालं?"

"मावशी, चहा द्या," मॅडम म्हणाल्या.

शीतल माझ्यापाशी आली. तिचं बोट माझ्या कपाळाला टेकलंच नाही. कुंकू वरून सोडलं. नाकावर सांडलं. कुणीतरी खुदकन हसलं.

मग मॅडमनी माझ्या हातात भाषण दिलं. समोर हेड ऑफिसचे पाहुणे. कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्याविषयी, इंग्रजीत, मीच टाईप केलेलं. पहिलंच वाक्य, आपण सगळे एका कुटुंबातले.

मी माईक हातात घेतला. नाक पुसलं नाही. कागदाची घडी घालून टेबलावर ठेवली. आणि मराठीत बोलले. मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.

"हे मी वाचणार नाही. यंदा सगळ्यात नवी मी आहे. ताट माझ्या हातात का दिलं नाही, मॅडम, ते इथं येऊन या माईकवर सांगा."