मेहुण्यांचा गुडघा आणि हाँगकाँगचा नट

आमच्या सातारच्या घराला फाटक आहे, ही गोष्ट आमचे मेहुणे सोडून साऱ्या जगाला मान्य आहे. फाटकाला कडी आहे, कडीला तेल घातलेले आहे. तरीही हे गृहस्थ वर्षानुवर्षे कुंपणाच्या भिंतीवर हात टेकून, अंग आडवे करून, थेट माझ्या मोगऱ्याच्या वाफ्यात उतरत आले. एकदा मी शांतपणे कडी दाखवली. "ती पाव्हण्यांस्नी, दाजी," ते म्हणाले, "मी घरचा हाय."

या सवयीचे मूळ फौजेतील करमणुकीच्या खोलीत आहे. तेथे त्यांनी भिंतींवरून उड्या मारणाऱ्या हाँगकाँगच्या एका मारामारीच्या नटाचा सिनेमा पाहिला आणि हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावरही दुसरा देव मानला नाही. त्या नटाच्या कारकिर्दीचे त्यांनी तीन कालखंड पाडले आहेत: दुसऱ्यांच्या सिनेमांत मार खाण्याचा, स्वतः मार देण्याचा, आणि मार खाता खाता लोकांना हसवण्याचा. मी जन्मभर इतिहास शिकवला. इतकी स्वच्छ विभागणी मला पेशवाईचीही जमली नाही. घरातील प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी हत्यार. आमच्या रंगाऱ्याची शिडी त्यांनी गळ्यात अडकवून अशी गरगर फिरवली की रंगारी डबा टाकून गेला, आणि दुसऱ्या दिवशी डबा न्यायला त्याने भावाला पाठवले.

मात्र एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. माण तालुक्यातील त्यांच्या गावी शाळेच्या पटांगणावर रोज सकाळी गावातल्या मुली त्यांच्याकडे लाथ मारायला शिकत. आधी पडायचे कसे, मग मारायचे कसे, असा क्रम. शिक्षक म्हणून मला तो निर्दोष वाटतो.

मागच्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले: कृत्रिम सांधा बसवा, नाहीतर वर्षभरात चालणे थांबेल. मेहुणे खुर्चीतून कसेबसे उठले. "डॉक्टरसाहेब, त्यानं जल्मात उडी मारायला बदली माणूस घेतला न्हाई. मी बदली गुडघा घेऊ व्हय?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरील सांगाड्याच्या चित्राकडे पाहिले.

पुढे चार महिने मी मुद्द्यांना क्रमांक घालून समजावले. त्यांची बहीण, म्हणजे माझी पत्नी, रडली. "आक्का, लय झालं," एवढेच उत्तर. दरम्यान मुलींचा वर्ग बंद पडला.

एका रविवारी ते आमच्याकडे आले. फाटकातून, कडी काढून. मी त्यांच्या नटाचा नवा सिनेमा तेवढा टीव्हीवर लावून दिला. सिनेमा संपल्यावर, नावे सरकत असताना, चित्रीकरणात फसलेले प्रसंग दाखवत होते. डोके पांढरे झालेला तो नट एका साध्या ओट्यावरून उतरताना कोसळला. दोघे धावले, काखेत हात घालून त्यांनी त्याला उभे केले. मेहुण्यांनी तेवढाच भाग तीनदा मागे नेऊन पाहिला.

"उचलू दिलं की त्यानं, दाजी."

"हो."

"मिरजेला कवा जायचं?"

गुडघा व्यवस्थित बसला. ते चालतात, उडी मात्र डॉक्टरांनी कायमची बंद केली. वर्ग पुन्हा भरतो, मेहुणे खुर्चीत बसून लाथा मोजतात. गेल्या महिन्यात मी तेथे उभा असताना एका मुलीची लाथ चुकली आणि ती धुळीत आपटली. मेहुण्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले, कोपरे ताठ झाले, आणि मग ते सावकाश मागे टेकले.

"ऊठ गं बाई," ते म्हणाले. "मी येऊस्तवर लय येळ जाईल."

ती केव्हाच उठून उभी होती.