डाव्या चाकाचा सांधा

घरच्या घरी जीप उघडायची आम्हा दोघा चुलत भावांना भारी हौस, अक्कल मात्र बेताची. नव्वदच्या दशकात आळे ते नारायणगाव आमच्या दोन जुन्या जीपा, एक त्याची, एक माझी, पाशिंजर भरून वडापला धावायच्या. एकदा माझ्या जीपची पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याचे, म्हणजे टायरॉडचे, दोन्ही सांधे झिजले. नवे आणले. आमच्याकडे नवी वस्तू, मग तो मोटारीचा पट्टा का असेना, आईचं हळदकुंकू लागल्याशिवाय जागेवर बसत नाही. तिने दोन्ही सांध्यांना बोट टेकवलं.

उजवा मी बसवला. डावा हातात घेतला तोच लाइट आली, आणि मी मोटार चालू करून मळ्यात पाण्याची दारं धरायला पळालो. परतलो तर भावाने काम उरकून चाकही चढवलं होतं. केवढं कौतुक वाटलं मला त्याचं!

दुसऱ्या दिवशी काटा पन्नासवर गेला आणि स्टेअरिंग थडथड हलायला लागलं.

“टायरमुळं व्हत आसंल,” भाऊ म्हणाला. पुढचे टायर मागे टाकले. “बॅलन्सिंग करून आण.” तेही केलं. “मग तुजाच उजवा नट ढिला ऱ्हायलाय. तुला लई घाई.”

मी मुकाट्याने उजवी बाजू दोनदा उघडली. डावीला हात लावला नाही. भावाचं काम तपासायचं म्हणजे भावावर संशय घ्यायचा, आणि त्याची मला लाज वाटली. असा मी शहाणा!

नेहमीचे पाशिंजर दुसऱ्या जीपांकडे वळले. आई बसत राहिली. तिच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, दर दोन दिवसांनी नारायणगावला न्यावं लागे.

पंधरा दिवसांनी एका सकाळी उतारावर स्टेअरिंगने ऐकलंच नाही. जीप साइडपट्टीवर घसरून कशीबशी थांबली. एका डोळ्याला पट्टी बांधलेली आई समोरची दांडी धरून बसली होती. तिला घरी सोडलं आणि जॅक लावला. डावं चाक दोन्ही कडांना धरून हलवलं, तर सांधा खुळखुळला. पुसून पाहिला. जुनाच होता, कुंकवाचा मागमूस नाही.

फडकं घेऊन तसाच भावाच्या जीपखाली शिरलो. डाव्या सांध्यावरचं ग्रीस पुसलं. खाली लाल ठिपका होता.

तो शेजारी येऊन उभा राहिला. “आरं, माजाबी झिजला व्हता. तुला नवा आणून देनारच व्हतो.”

चोरी मी पचवली असती. पण हे केसाने गळा कापणं होतं. कारण मला एकेक आठवायला लागलं. दर बाजाराला माझ्या जीपने जाणाऱ्या वहिनीला आणि पोरांना त्याने या पंधरा दिवसांत एकदाही माझ्या गाडीत बसू दिलं नव्हतं. “तुज्यात गर्दी हाय,” म्हणायचा.

आणि त्याच सकाळी त्यानेच माझ्या आईला हाताला धरून जीपमध्ये चढवलं होतं. “काकू, फुडं बसा. फुडं धक्के कमी बसत्यात.”