अण्णांनी लावलेलं ठिगळ

अण्णा गेल्याचा फोन कारखान्याच्या शेडमध्येच आला. अक्का एवढंच म्हणाल्या, "अरे, अण्णा गेले... ये." मी फोन ठेवला आणि समोरच्या जुन्या लढाऊ विमानाकडे पाहत राहिलो. त्याच्या डाव्या पंखाखाली अण्णांनी युद्धात लावलेलं ठिगळ होतं. ते काढून तिथे बसवायचा कोरा पत्रा कापून तयार होता. अण्णांना हे ठाऊक नव्हतं. महिना होत आला, तरी माझं चित्त थाऱ्यावर नाही.

बार्शीकडच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंगलोरच्या विमान कारखान्यात लागलो, तेव्हा धड इंग्रजी येत नव्हतं, कन्नड तर मुळीच नाही. तिथले निवृत्तीला आलेले, आपल्याकडचेच मराठी अण्णा मला जयनगरला घरी घेऊन गेले. त्यांच्या पत्नी अक्कांनी जेवू घातलं, दोघांनी मला माणसांत बसवलं. युद्धात अण्णा सीमेवरच्या तळावर दुरुस्तीला गेले होते. गोळ्या लागलेल्या या विमानाला त्यांनी हाताशी होते ते गोल डोक्याचे रिव्हेट ठोकून पत्रा लावला आणि ते पुन्हा उडालं. "परत उतरलं तसा मी धावलो थेट ठिगळाकडे. पायलट वरून ओरडतोय, 'अरे बाबा, मीपण आलोय परत!'" हे सांगताना दरवेळी हसून त्यांना ठसका लागे.

तेच विमान संग्रहालयात मांडायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. साहेबांना ते नव्यासारखं हवं होतं. ठिगळ काढू नका म्हणून सांगायला निवृत्त झालेले अण्णा काठी टेकत शेडमध्ये आले.

"लोक काय दुरुस्ती बघायला येतात?" साहेब म्हणाले.

"मग काय, न लागलेली गोळी बघायला येतात?"

अण्णा हटेनात. शेवटी साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "सरी, सरी." कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक आहे, पण 'पुरे आता' म्हणायचं असलं तरी सरीच. अण्णा खुशीत घरी गेले, अक्कांना शिरा करायला लावला. इकडे पत्रा कापायचा हुकूम आला, आणि त्याच आठवड्यात अण्णा गेले.

तेराव्यानंतर मी अक्कांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जन्म इथे गेला, ह्यांना सरी कळत नव्हतं होय रे? ह्यांना ते 'हो' ऐकायचं होतं..."

मी साहेबांपुढे उभा राहिलो. आजवर त्यांच्यासमोर माझी मान वर झाली नव्हती. म्हटलं, "सर, अण्णा तुमचा होकार घेऊन गेलेत. ठिगळ राहू द्या." साहेब बराच वेळ टेबलावर पेन आपटत राहिले. मग म्हणाले, "सरी."

एकदाच म्हणाले. कुठलं, ते विचारायचा धीर झाला नाही. तेव्हापासून कामावर पोचलो की आधी शेडमध्ये जातो, वाकून पंखाखाली हात घालतो. रिव्हेटची ती गोल डोकी बोटांना लागली की बाहेर येतो...

आज लागली.